डावीकडचे अकरा मिलिमीटर

१

आमच्या बाबांना टीव्हीवरचा गोल गोलच दिसावा लागायचा. पडद्यावर घड्याळ आलं, चेंडू आला, जेवणाची थाळी आली, की ते उठून काचेला फूटपट्टी लावायचे. आडवं माप आणि उभं माप सारखं आलं तर ठीक, नाहीतर रिमोट घेऊन चित्राचा आकार बदलत बसायचे. समोर मालिकेतली बाई रडून रडून संपायची, तरी ह्यांचं माप चालूच. चाळीस वर्षं त्यांनी वागळे इस्टेटमध्ये ड्राफ्ट्समन म्हणून काढली. समास सोडल्याशिवाय त्यांनी साधी वाणसामानाची यादीसुद्धा कधी लिहिली नाही.

आमचं घर ठाणे पूर्वेला, कोपरीत, दुसऱ्या मजल्यावर. घरात दोघंच, बाबा आणि मी. मी देवयानी प्रधान, वय एकोणपन्नास. जवळच्याच शाळेत सकाळच्या सत्रात भूमिती शिकवते. आई जाऊन नऊ वर्षं झाली. धाकटी बहीण अंतरा डोंबिवलीला मानपाड्यात असते, दोन आठवड्यांतून एकदा येते आणि मला रागावून जाते.

टीव्ही एकवीस इंची, पाठीला मोठा डबा असलेला, वीस वर्षांपूर्वीचा. अंतराने दोनदा नवा देऊ केला. बाबा दोन्ही वेळा म्हणाले, "ह्याचं चित्र मी लावलंय. नव्याचं कोण लावणार?"

जानेवारीत बाबांना मेंदूचा छोटा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. गेलं ते डावीकडचं दिसणं. डोळे ठणठणीत आहेत, पण डाव्या बाजूचं काही मेंदूपर्यंत पोचत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी बाबा जेवताना म्हणाले, "आज कोशिंबीर केली नाहीस का, देवू?" कोशिंबीर ताटात होती. लिंबाच्या फोडीशेजारी, डावीकडे.

तेव्हापासून मी ताट फिरवायला शिकले. शाळेतून दीड वाजता यायचं, त्यांना वाढायचं, जेवण अर्धं झालं की ताट अर्धं फिरवायचं. चार वाजता चहा आणि टीव्ही. सवय झाली की कशाचंही काही वाटत नाही.

२

फेब्रुवारीत बाबा म्हणायला लागले, की टीव्हीचं चित्र डावीकडून कापलं जातंय.

यात नवल काहीच नव्हतं. त्यांना डावीकडचं दिसतच नव्हतं, तर चित्र डावीकडून कापलेलंच वाटणार. मी म्हटलं, "बाबा, चित्र पूर्ण आहे. तुम्हाला तेवढं दिसत नाही."

"ते मला माहीत आहे गं. मी त्याबद्दल बोलत नाही. तो बाजूला बसलाय, तो पूर्ण येत नाही."

"कोण बसलाय?"

"तो. कोपर दिसतं नुसतं."

पडद्यावर बातम्या होत्या आणि निवेदिका एकटी होती. मी वाहिनी बदलली. एक बाई पुरणपोळी लाटत होती. "आता?" मी विचारलं. बाबा चहाचा घोट घेत म्हणाले, "आहे की. त्याला काय झालंय?"

मी उठले आणि काचेच्या डाव्या कडेला दोन बोटं उभी धरली.

"बाबा, किती बोटं?"

"कुठे?"

"इथे, काचेवर."

"काचेवर बोटंबिटं नाहीत."

"आणि कोपर?"

त्यांनी हात लांब करून दाखवलं. माझ्या बोटांच्याही पलीकडे, जिथे काच संपून प्लॅस्टिकची चौकट सुरू होते, नेमक्या त्या जागेवर त्यांचं बोट होतं. बोट थरथरत नव्हतं. हा माणूस माझी बोटं पाहू शकत नव्हता, आणि त्यांच्या पलीकडचं काहीतरी पाहत होता.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मेंदूला जिथून काही मिळत नाही तिथे तो स्वतःची चित्रं काढतो, घाबरू नका. हे मला पटलं. मला पटायलाच हवं होतं, असंही म्हणता येईल.

पण बाबा ऐकेनात. "आकार कमी कर म्हणजे कळेल," एवढंच त्यांचं रोज दुपारी. सेट-टॉप बॉक्समध्ये चित्राच्या आकाराचे चार प्रकार होते, ते सगळे लावून झाले. शेवटी मी तानाजीला बोलावलं.

३

तानाजीचं दुकान खोपटला, एसटी डेपोजवळ. जुन्या टीव्हीला हात लावणारा आता तोच उरलाय. बुधवारी चार वाजता तो आला, चप्पल दाराबाहेर काढली, आणि बाबांचं म्हणणं ऐकून हसला.

"काका, बरोबर बोलताय तुम्ही. हे जुने टीव्ही चित्र खातात. चारी साइडनी थोडं थोडं. कडा वाकड्या दिसू नयेत म्हणून कंपनीतूनच तसं सेट करून येतं."

"मी हिला हेच सांगत होतो," बाबा म्हणाले.

मला केवढं हायसं वाटलं. म्हणजे खरोखरच काहीतरी कापलं जात होतं! चाळीस वर्षं मापं काढलेल्या माणसाने ते ओळखलं, त्यावर आजारी मेंदूने कोपर चिकटवलं. झालं, सुटलं गणित.

तानाजीने रिमोटची बटणं एका ठरावीक क्रमाने दाबली. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात हिरवी अक्षरं आली, त्यांच्यापुढे आकडा, एकतीस. "ही रुंदी," तो म्हणाला. त्याने तीस केलं, एकोणतीस केलं, अठ्ठावीस केलं. चित्र दोन्ही बाजूंनी आत सरकलं. उजवीकडे काळी पट्टी उघडी पडली.

डावीकडची पट्टी काळी नव्हती.

तिचा रंग पिवळसर होता, जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीचा असतो तसा. आणि पट्टीच्या मधोमध, लाकडाच्या कशावर तरी टेकलेलं, माणसाचं कोपर.

"इथे काळं यायला पाहिजे," तानाजी म्हणाला.

त्याने वाहिन्या बदलल्या. भजन आलं, क्रिकेट आलं, जाहिरात आली. पट्टी तीच. सेट-टॉप बॉक्स बंद केला, पडदा निळा झाला. पट्टी तशीच. शेवटी त्याने बॉक्सकडून टीव्हीत येणारी वायर उपटून हातात घेतली आणि आम्ही तिघं निळ्या पडद्याच्या कडेला असलेल्या त्या कोपराकडे पाहत राहिलो.

"कधीकधी काचेवर जुनं चित्र जळून बसतं, मॅडम," तानाजी म्हणाला. "एकाच जागी खूप वेळ राहिलं की."

तेवढ्यात ते कोपर हललं. फार नाही. माणूस बराच वेळ एका अंगावर टेकून बसला की जरा सावरून बसतो, तेवढंच.

खाली भंगारवाला ओरडत गेला. बाबा उठले, फूटपट्टी काचेला लावली, मान पूर्ण डावीकडे वळवून वाचलं. "अकरा मिलिमीटर."

"काका, वाढवून टाकतो परत," तानाजीने रिमोट उचलला.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

तानाजी चहा न घेताच निघाला. जाताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. तो ओशाळून "सॉरी" म्हणाला, चौकटीला की मला, कळलं नाही. मी मागे वळून पाहिलं तर बाबा एका पाकिटाच्या मागे बटणांचा क्रम लिहून घेत होते. एकसारखी, सरळ, नकाशावरची अक्षरं.

४

दुसऱ्या दिवशी बाबांनी कोशिंबीर संपवली.

ताट फिरवायला मी हात पुढे केला तर वाटी रिकामी. चार दिवसांनी ते स्वतःहून म्हणाले, "गॅलरीतली तुळस वाळायला लागलीये." तुळस डावीकडे होती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांना त्या यंत्रापुढे बसवलं, जिथे प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. मग कागदावर नजरेचा नकाशा निघतो. दिसतं तिथे पांढरा, दिसत नाही तिथे काळा. बाबांच्या नकाशात काळ्या भागाची कड अकरा अंशांनी मागे सरकली होती.

"होतं कधीकधी असं," डॉक्टर खुशीत म्हणाले. "मेंदू स्वतःला सावरतो."

अकरा ऐकून मी दचकले, आणि लगेच स्वतःवरच हसले. अंश वेगळे, मिलिमीटर वेगळे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मी दरवर्षी आठवीच्या मुलांना शिकवते.

अंतरा आली तेव्हा बाबांनी तिला स्वतः दार उघडलं. ती माझ्या गळ्यातच पडली. "अगं ताई, हे तर एकदम नॉर्मल झाले! काय केलंस काय तू?"

टीव्ही तिला दाखवावा असं मला वाटलं. पण तो बंद होता, बाबा हसत होते, आणि मी विषय काढला नाही. का नाही काढला, ह्याचं उत्तर सोपं आहे. मला भीती वाटत होती, की कोणीतरी तो आकार परत वाढवायला सांगेल.

कारण बाबा दर तीन-चार दिवसांनी चार वाजता रुंदी एकेक आकड्याने कमी करत होते. मार्च संपताना ती अठरावर आली होती, आणि तिथेच त्यांनी ती ठेवली. चित्र उभट झालं होतं. निवेदिका काडीसारखी, घड्याळं अंड्यासारखी. आणि बाबांनी फूटपट्टी उचलली नाही. ज्यांनी आयुष्यभर गोलाला गोल ठेवलं, ते अंड्यासारख्या घड्याळाकडे बघून समाधानाने चहा पीत होते. मला ते कोपर दिसलं तेव्हा जेवढं विचित्र वाटलं नव्हतं, तेवढं हे पाहून वाटलं.

डावीकडची पट्टी आता चांगली तळहाताएवढी झाली होती. कोपराला पुढे हात आला होता, वर दुमडलेली बाही, खाली खुर्चीचा लाकडी दांडा, मागे पिवळसर भिंत. चेहरा कडेच्या पलीकडे होता. तो कधी उठत नसे. कधी बोटांनी दांड्यावर हलका ताल धरायचा, तेवढंच. बाबा आणि मी चार ते साडेपाच त्याच्यासमोर बसायचो. मी स्वतःला सांगायचे की मी बातम्या बघते आहे.

५

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आठवीतली ऋतिका मधल्या सुट्टीत वही घेऊन आली.

"मॅडम, माझ्या ह्या पानावर तुम्ही काहीच तपासलं नाही."

वही उघडीच होती. उजव्या पानावर माझ्या लाल खुणा, गुण, सही. डाव्या पानावर एकही लाल खूण नाही. कंटाळा आला असेल मला, असं समजून मी तिचं पान तपासून दिलं आणि तिला पाठवलं. मग टेबलावरचा गठ्ठा काढला. बेचाळीस वह्या. बेचाळीसच्या बेचाळीस वह्यांत डावं पान न तपासलेलं.

मी स्टाफरूममध्ये बसून आठवायचा प्रयत्न केला. खिडकीकडच्या रांगेतल्या मुलांना मी शेवटचा प्रश्न कधी विचारला? परवा कोपरीच्या रस्त्यावर एक रिक्षा माझ्या अगदी अंगावर आली आणि रिक्षावाला ओरडला, "बाई, बघून चाला!" मी तर बघूनच चालत होते.

घरी आल्यावर भिंतीच्या अगदी जवळ उभी राहिले. एक मधला बिंदू ठरवला, त्याच्याकडे नजर रोखली, आणि खडू धरलेला हात बाहेरून आत आणत गेले. जिथे खडू दिसला तिथे खूण. उजवीकडची खूण जिथे हवी तिथे आली. डावीकडची आली ती मध्याच्या कितीतरी जवळ.

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

बाबांच्याच डॉक्टरांकडे गेले. त्याच यंत्रापुढे बसले. माझा नकाशा निघाला, त्यात डाव्या बाजूला काळं होतं. बाबांचा काळा भाग मागे हटत होता, माझा पुढे येत होता. डॉक्टरांनी डोक्याचं स्कॅनिंग करायला लावलं. त्यात काहीही निघालं नाही. एकही रेघ वाकडी नव्हती.

"झोप कशी आहे? ताण?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडा," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? आमचा टीव्ही?

६

तानाजीला चौथ्यांदा फोन लावला तेव्हा त्याने उचलला.

"मॅडम, मीच करणार होतो तुम्हाला," तो म्हणाला आणि थांबला. "तुम्हालापण?"

डॉक्टर सोडले तर मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं.

"मी बाइक नाय चालवत आता," तानाजी सांगू लागला. "डाव्या साइडचं थोडंसं दिसत नाय. बारीकसं. त्या बुधवारपासून. तुमच्याकडून निघालो आणि खाली उतरताना पहिल्यांदा जाणवलं."

"वाढतंय का?"

"नाय, आहे तेवढंच आहे. मी एकदाच बघितलं ना. तुम्ही रोज बघत असाल."

"बाबांना बरं वाटतंय, तानाजी. त्यांचं डावीकडचं परत येतंय."

पलीकडे एसटीचा हॉर्न वाजला.

"मॅडम, मला यातलं काय पण कळत नाय. मी टीव्ही रिपेर करतो. पण आकार परत वाढवा. एकतीस होता ना, एकतीसवर न्या. ते झाकलेलंच बरं होतं. मी गॅरंटी नाय देत. पण न्या."

एकतीसवर नेला तर काय होईल, ह्याचा मी दोन दिवस विचार केला. माझं डावं परत आलं तर बाबांचं परत जाईल. असं खरंच होईल का, हेही माहीत नव्हतं. कदाचित हे सगळे योगायोग असतील आणि मी एका रिमोटवर माझ्या बापाचे डोळे तोलत बसले असेन. त्या दोन दिवसांत बाबा एकटे खाली उतरले, कोपऱ्यावरून पेपर घेऊन आले, आणि शेजारच्या चित्राताईंना जिन्यात म्हणाले, "आता मी कोणाच्या जिवावर नाही हो."

ते मी आतून ऐकलं.

७

शनिवारी बाबांनीच विचारलं. मी चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तो डावीकडून खाली गेला. फरशीवर तुकडे. बाबांनी पेपर बाजूला ठेवला.

"ही तिसरी वेळ आहे. काय होतंय तुला?"

"काही नाही. हात ओला होता."

"देवू, मी डावीकडचं हरवून बसलेला माणूस आहे. मला ते ओळखता येतं." त्यांनी चष्मा काढला. "माझ्याकडे येतंय ते तुझ्याकडचं जातंय का?"

"असं काही नसतं, बाबा."

"नसतं का असतं, ते मी विचारलं नाही. जातंय का?"

"हो."

त्यांनी चष्मा परत लावला आणि म्हणाले, "वाढव. आत्ता."

"तुमचं परत..."

"मी पंचाहत्तर वर्षं डावीकडचं पाहिलंय. पुरे झालं. वाढव."

मी बटणांचा क्रम लिहिलेलं पाकीट शोधलं, रिमोट घेतला. टीव्हीसमोर स्टूल ठेवून बसले. बाबांना माझ्या उजवीकडे बसवलं, म्हणजे ते मला दिसत राहतील. त्यांनी माझं उजवं मनगट धरून ठेवलं. चार वाजत आले होते, गॅलरीतून लख्ख ऊन आत येत होतं.

"तो कोण आहे, बाबा?"

"ठाऊक नाही. कसली तरी वाट बघतोय, एवढं दिसतं. आपल्याला कोणी काही विचारेल म्हणून माणूस बसून असतो ना, तसा बसतो तो."

मी बटणं दाबली. अक्षरं वरच्या डाव्या कोपऱ्यात आली असणार, मला दिसत नव्हती. मान वळवली असती तर दिसली असती. पण मान वळवली की पट्टीही दिसणार होती आणि मला तिच्याकडे पाहायचं नव्हतं. मी डोळे रिमोटवर ठेवले. अंगठ्याखाली वाढवायचं बटण होतं, वरचं. तेच दाबत होते, याची मी आजही शपथ घेईन.

"किती झालं, बाबा?"

"अठरा."

मी दाबलं. "आता?"

"एकोणीस."

"आता?"

"वीस." शांत, जरा खरखरीत, नेहमीचा आवाज. "एकवीस. बावीस. हळू दाब. तेवीस."

बाबांची पकड घट्ट होत गेली. मला वाटलं, त्यांचं डावं जातंय, म्हणून ते घाबरलेत. मला रडू येत होतं, पण मी दाबत राहिले. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

"एकतीस."

"झालं?"

"झालं," आवाज आला.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आवाज डावीकडून येतोय.

मी उजवीकडे पाहिलं. बाबांचे ओठ गच्च मिटलेले होते. ते मान हलवत होते, नाही, नाही, नाही. माझ्या मनगटावर त्यांच्या नखांच्या खुणा उमटल्या होत्या. ओठ उघडायला त्यांना फार जोर लावावा लागला.

"मी काहीच बोललो नाही, देवू," ते कुजबुजले. "मला बोलताच येईना. तू पहिल्यापासून त्यालाच विचारत होतीस."

मग मी मान वळवली. पूर्ण, डावीकडे.

टीव्हीवरच्या बातम्या उजव्या कडेला दोन बोटांच्या पट्टीत दाबल्या गेल्या होत्या. बाकी सगळ्या काचेवर ती खोली होती. पिवळसर भिंत, जमिनीवर उन्हाचा तिरका तुकडा, लाकडी दांड्यांची खुर्ची. खुर्चीत कोणी नव्हतं. बैठकीच्या गादीला बसल्याचा खोल खळगा पडला होता आणि तो हळूहळू, आमच्या डोळ्यांदेखत, भरून येत होता.

मी प्लग ओढला.

८

टीव्ही त्यानंतर सुरू झाला नाही. बाबांनी स्वतः प्लग लावून पाहिला, दहादा, वीसदा. आकार परत वाढवायचाच, ह्या हट्टाने ते काचेसमोर बसून राहिले. दुसरा मेकॅनिक आणला. ट्यूब गेली आहे, ह्याचा पार्ट कुठेच मिळणार नाही, असं तो म्हणाला. मे महिन्यात अंतराने माणसं पाठवून टीव्ही उचलून नेला. बाबा तेवढा वेळ स्वयंपाकघरात उभे होते.

बाबांची नजर आता पूर्ण आहे. त्यांना ते आवडत नाही. माझा नकाशा मध्यापर्यंत काळा आहे आणि तिथेच थांबलाय. तिघा डॉक्टरांनी तीन नावं सांगितली. शाळेतून मी रजा घेतली आहे, पुढचं जूनमध्ये बघू. तानाजी अधूनमधून फोन करतो, काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही सुचत नाही.

घरात आम्ही एक पद्धत पाडली आहे. बाबांचा आवाज ऐकून मी आता वळत नाही. ते आधी येऊन माझ्या उजव्या हाताला हात लावतात, मी त्यांच्याकडे बघते, त्यांचे ओठ हलताना दिसतात, आणि मगच मी उत्तर देते. हात लावल्याशिवाय जे ऐकू येतं, ते ऐकलं नाही असं धरायचं. बाबांनी हे ठरवलं. त्यात आम्ही दोघंही चुकत नाही.

काल दुपारी मी पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा समोर गॅलरीत, खुर्चीत पेपर वाचत होते. पेपराच्या दोन्ही कडांवर त्यांची दोन्ही हातांची बोटं मला दिसत होती.

माझ्या डाव्या हाताला कोणीतरी हात लावला.

कोरडा, हलका हात. बोलण्याआधी लक्ष वेधायला लावतात तसा. तो तिथेच राहिला. मी घडीवरची नजर हलवली नाही आणि मान तर मुळीच वळवली नाही. पंखा फिरत होता. बाबांनी पेपरचं पान उलटलं.

हात कितीतरी वेळ तसाच होता. कोणी काही बोललं नाही. मी काहीतरी विचारावं, याची तो वाट पाहत असावा.

मी अजून काही विचारलेलं नाही.